सहा मिनिटांची चाल

आपले वजन किती, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. निदान चारचौघांत दोन किलो कमी करून सांगावे इतपत तरी ठाऊक असते. रक्तदाबाचा वरचा आणि खालचा आकडा आताशा चाळिशीतल्या माणसांच्या तोंडी हवापाण्याच्या गप्पांइतका सहज येतो. साखरेची तर गोष्टच नको. बेळगावच्या कोणत्याही लग्नात कुंद्याची वाटी पुढे सरकवणारा गृहस्थ आपली उपाशीपोटीची साखर सांगितल्याखेरीज राहत नाही. परंतु त्याच गृहस्थाला, "आपण सहा मिनिटांत किती अंतर चालता?" असे विचारले, तर तो आपल्याकडे चमत्कारिक नजरेने पाहील. चालणे ही मोजण्याजोगी गोष्ट आहे, असे आपण कधी मानलेच नाही. माणसाला चालता येते किंवा येत नाही, एवढे दोनच प्रकार आपल्या हिशेबात असतात. वस्तुतः या दोहोंच्या मध्ये फार मोठा प्रदेश पसरलेला आहे, आणि मध्यम वयात शक्ती ओसरते ती याच प्रदेशातून, इतक्या हळूहळू की ज्याची ओसरते त्यालाच ते सर्वांत शेवटी कळते.

ते आधी कळावे अशी एक साधी सोय आता आपल्या खिशात आली आहे. ज्या फोनवर आपण लग्नाच्या आमंत्रणांपासून शाळेच्या परिपत्रकांपर्यंत सर्व काही वाचतो, तोच फोन आपली चाल मोजू शकतो. तो ती कशी मोजतो, त्याच्या मोजणीवर कितपत विसंबावे आणि कोठे विसंबू नये, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे. जे बोलतो आहे ते स्वतःला निरोगी समजणाऱ्या प्रौढ माणसांसाठी आहे; आजारी माणसाची चाल त्याच्या डॉक्टरांनीच मोजावी.

सपाट जमिनीवर माणूस भरभर चालू लागला म्हणजे त्याच्या शरीरातील कितीतरी खाती एकाच वेळी कामाला लागतात. फुप्फुसांनी हवा ओढावयाची, रक्ताने तिच्यातला प्राणवायू वाहून न्यावयाचा, हृदयाने ते रक्त ढकलावयाचे, मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंनी तो प्राणवायू खर्ची घालावयाचा, सांध्यांनी भार सोसावयाचा आणि मेंदूने तोल राखावयाचा. यांपैकी एखादे खाते मंदावले की एकूण चाल मंदावते. कोणते खाते मंदावले हे चाल सांगत नाही. काहीतरी मंदावले आहे, एवढेच ती सांगते. या परीक्षेचे मोल आणि तिची मर्यादा ही दोन्ही येथेच आहेत.

परीक्षा काही नवी नव्हे. केनेथ कूपर या अमेरिकी हवाई दलातील डॉक्टरांनी १९६८ साली बारा मिनिटांच्या धावेची परीक्षा प्रसिद्ध केली. बारा मिनिटांत जवान किती अंतर धावतो यावरून त्याच्या हृदयाची व फुप्फुसांची कुवत अजमावता येते, असे त्यांनी दाखवले. पुढे १९७६ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी हीच कल्पना जुनाट खोकल्याच्या रोग्यांसाठी घेतली आणि धावेच्या जागी चाल आणली. बारा मिनिटे चालणे या रोग्यांना फार होते, म्हणून १९८२ मध्ये दोन, सहा आणि बारा मिनिटांच्या चालीची तुलना करण्यात आली. सहा मिनिटांचा मध्यममार्ग सोयीचा ठरला आणि तेव्हापासून तो जगभरच्या रुग्णालयांत रूढ झाला. २००२ साली अमेरिकेतील छातीच्या विकारांच्या तज्ज्ञांच्या संस्थेने या परीक्षेचे नियम बांधून दिले. तीस मीटर लांबीचा, सपाट आणि टणक असा बोळ असावा, दोन्ही टोकांना खूण असावी, माणसाने त्या खुणांमधून ये-जा करावी, धावू नये, दम लागल्यास थांबण्याची मोकळीक असावी, मात्र घड्याळ थांबवू नये. दर मिनिटाला त्याला ठरावीक शब्दांत, ठरावीक स्वरात उत्तेजन द्यावे, अधिक काही बोलू नये, असाही एक नियम आहे. याचे कारण असे की "शाबास, आणखी थोडे!" असे जोराने म्हणणारा कोणी असला की माणूस तेवढ्यानेच अधिक अंतर चालतो. वर्गात उभे राहून ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हा नियम पटवून द्यावा लागणार नाही.

आता अंतर किती व्हावे? अमेरिकेत अ‍ॅरिझोना प्रांतातील ४० ते ८० वर्षे वयाच्या निरोगी स्त्रीपुरुषांची चाल मोजून १९९८ मध्ये काही सूत्रे बसवण्यात आली. त्यांत पुरुषांचे मधले अंतर ५७६ मीटर आणि स्त्रियांचे ४९४ मीटर भरले होते. पुढे २०११ मध्ये सात देशांतील ४४४ निरोगी माणसांची मोजणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सरासरी ५७१ मीटर आली. परंतु सर्वांत कमी चाललेला ३८० मीटर आणि सर्वांत अधिक चाललेला ७८२ मीटर, एवढे अंतर निरोगी माणसांतच होते. पंचेचाळीस वर्षे वयाचा, १६५ सेंटिमीटर उंचीचा आणि ६५ किलो वजनाचा पुरुष घेतला, तर अमेरिकी सूत्राप्रमाणे त्याचे अपेक्षित अंतर सुमारे ६०० मीटर येते. म्हणजे मिनिटाला शंभर मीटर, तासाला सहा किलोमीटर. ही चाल भाजी आणावयास निघालेल्या माणसाची नव्हे. बस सुटेल या धास्तीने निघालेल्या माणसाची आहे. त्याच सूत्राप्रमाणे १५३ मीटरपर्यंतची तूट स्वाभाविक मानतात, म्हणजे हा गृहस्थ ४५० मीटरच्या आसपास थांबला तरी त्याला लगेच दुबळा म्हणता येत नाही. आपल्या देशातही निरोगी माणसांवर अशा मोजण्या झाल्या आहेत, आणि परदेशी सूत्रे आपल्या माणसाला जेवढे अंतर नेमून देतात त्याहून ते बहुधा कमीच भरते, असे त्यांत आढळले आहे. तेव्हा फोनवरील एखाद्या अ‍ॅपने "आपण अपेक्षेहून कमी चाललात" असा शेरा मारला, तर ती अपेक्षा कोणत्या मुलखातली आहे हे आधी पाहावे. मला विचाराल तर निरोगी माणसाने या अपेक्षित आकड्याकडे एकदा नजर टाकून तो सोडून द्यावा. आपला आजचा आकडा आपल्याच सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहावा. उंची, मुलूख, पायांची ठेवण यांचे सारे वाद तेथे आपोआप मिटतात.

आमच्या भागात या मोजणीची एक जुनी रीत आहे, आणि तिला फोन लागत नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे निवृत्त फौजी माणसे गल्लोगल्ली आढळतात. सकाळी फिरावयास जाताना भेटणाऱ्या एका सुभेदारांना मी फोनवरील अ‍ॅप कौतुकाने दाखवले. ते म्हणाले, "मास्तर, आमचे पाय म्हणजेच टेप होता की हो!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. कवायतीतील तेज चालीची ठरलेली मोजणी मिनिटाला १२० पावले आणि पाऊल ३० इंचांचे अशी असे. म्हणजे मिनिटाला ३०० फूट. सहा मिनिटांत १,८०० फूट. मीटरमध्ये सांगावयाचे तर सुमारे ५४९. सात देशांच्या सरासरीच्या हे अंतर किती जवळ येते पाहा! सुभेदार सत्तरी ओलांडलेले आहेत, आणि आपले पाऊल आता तीस इंचांचे राहिले नाही हे त्यांनी स्वतःच फरशांवरून मोजून ठेवलेले आहे.

फोन मात्र पायांवर विसंबत नाही. त्याच्या पोटात या कामाची दोन साधने असतात. पहिले साधन म्हणजे धक्के ओळखणारी एक अतिसूक्ष्म चकती. सिलिकॉनचा डोळ्यांना न दिसणारा एक तुकडा तिच्यात जणू स्प्रिंगवर टांगलेला असतो. पाऊल पडले की तो हलतो आणि फोन एक पाऊल मोजतो. पावले मोजण्यात हे साधन बरेच विश्वासू आहे. पण पावलांवरून अंतर काढावयाचे तर पाऊल किती लांब हे ठाऊक हवे, आणि ते फोन आपल्या उंचीवरून किंवा हालचालीच्या ढबीवरून अंदाजाने ठरवतो. शिवाय फोन सदऱ्याच्या खिशात आहे की विजारीच्या, की हातातल्या पिशवीत, यावरही आकडा बदलतो. आमच्या शिक्षिका भगिनींची येथे खरी अडचण होते. साडीला खिसा नसतो, आणि पर्समधला फोन पर्सचे हेलकावेही पावलांत धरण्याची शक्यता असते. कमरेला बांधावयाचा कापडी पट्टा मिळतो, तो बरा.

दुसरे साधन उपग्रहांचे. पृथ्वीपासून वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह वेळेचे संदेश पाठवीत असतात, आणि अशा चार किंवा अधिक उपग्रहांच्या संदेशांवरून फोन आपली जागा ठरवतो. अमेरिकी सरकार सामान्य लोकांसाठी या संदेशांत मुद्दाम दोष मिसळीत असे. तो मे २००० मध्ये काढून टाकण्यात आला. तोवर जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. आज उघड्या आकाशाखाली ती काही मीटरच चुकते. गावाला जाण्यासाठी पाच मीटरची चूक म्हणजे काहीच नव्हे. परंतु तीस मीटरच्या बोळात ये-जा करणाऱ्या माणसाच्या बाबतीत हीच पाच मीटरची चूक प्रत्येक वळणावर नवी होते. रुग्णालयासाठी जो नियम उत्तम, तोच फोनसाठी गैरसोयीचा ठरतो, ही यातली गंमत आहे. छपराखाली तर उपग्रह दिसतच नाहीत. तेव्हा फोनच्या भरवशावर परीक्षा द्यावयाची असेल तर मोकळ्या आकाशाखालचा, शक्य तितका सरळ आणि न वळता सहा मिनिटे चालता येईल असा रस्ता पाहावा. सहाशे मीटर सरळ रस्ता, रहदारीवाचून, म्हणजे आजच्या दिवसांत चैनच म्हणावयाची.

बेळगावकरांना ती अजून थोडीफार परवडते. कॅम्पातील रस्ते सरळ आहेत, पण तेथील जुन्या झाडांची छाया जितकी सुखाची तितकीच उपग्रहांना आडवी येणारी. किल्ला तलावाभोवतीच्या वाटेला वळण आहे, तथापि ते मोठे आणि सौम्य असल्याने फोनला फारसे खटकत नाही. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी निम्मे दक्षिण बेळगाव भेटते. तेथे मोकळी जागा आहे, फक्त सहा मिनिटे कोणाशी बोलावयाचे नाही ही अट पाळणे कठीण. निपाणीकरांनी महामार्गाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. गावातून देवचंद कॉलेजकडे जाणारी मुले अर्जुननगरला पोहोचली की कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, शिरलेली असतात. आपल्या सीमेवरून एवढा इतिहास घडला. फोनच्या पावलांच्या हिशेबात मात्र त्या रेषेची नोंदही होत नाही.

आमच्या शाळेत हा प्रयोग आम्ही सुट्टीच्या दिवशी करून पाहिला. मैदानावर टेपने मोजून फक्कीने दोनशे मीटरची फेरी आखली, आणि तीन शिक्षक तीन निरनिराळे फोन घेऊन खांद्याला खांदा लावून चालले. एकच वाट, एकच वेळ, आणि तीन फोनांचे आकडे तीन! एकाने फेऱ्या आखडल्या, दुसऱ्याने लांबवल्या. तेव्हापासून आम्ही एक पथ्य ठरवून घेतले आहे. फोन बदलला की जुना आकडा विसरावयाचा. अ‍ॅप बदलले तरी तेच. ज्यांच्या जवळपास आखलेले मैदान असेल त्यांनी फोनला केवळ घड्याळ म्हणून वापरावे आणि अंतर फेऱ्यांवरून काढावे, हे सर्वांत उत्तम. शाळेच्या मैदानाइतके प्रामाणिक साधन कोणत्याही कंपनीने अद्याप विकावयास काढलेले नाही.

पहिल्या दिवसाचा आकडा प्रमाण धरू नये, हेही अनुभवाने सांगतो. दुसऱ्या खेपेस माणूस बहुधा थोडे अधिक चालतो. शक्ती वाढलेली नसते, युक्ती कळलेली असते. आरंभीच जोर करून चौथ्या मिनिटाला धापा टाकणे हा पहिल्या खेपेचा ठरलेला दोष. म्हणून दोन दिवस चालून दुसरा आकडा वहीत उतरवावा. शक्यतो तीच वेळ, तेच बूट, पोट फार भरलेले नाही, उन्ह चढलेले नाही, असे पाहावे. महिन्यातून एकदा पुरे. रोज मोजू लागणाऱ्याला पाच-दहा मीटरच्या चढउताराने उगाच आनंद किंवा दुःख होते, आणि तो सारा उपग्रहांचा खेळ असतो.

जे तरुण आहेत आणि खेळतात त्यांना ही परीक्षा फारसे काही सांगणार नाही. न धावता चालण्याच्या वेगाला एक मर्यादा असते. तेथवर दहा जण पोहोचले की त्यांच्यात डावेउजवे करता येत नाही. अ‍ॅपल कंपनीचे घड्याळ माणसाच्या नित्याच्या हालचालींवरून सहा मिनिटांच्या अंतराचा अंदाज बांधते, परंतु ५०० मीटरच्या वर ते आकडाच देत नाही. म्हणजे बऱ्याच निरोगी माणसांना ते महिनोन्‌महिने एकच आकडा दाखवीत राहणार. अशांनी एक मैल चालून पाहावा. १९८७ साली अमेरिकेत बसवलेल्या या परीक्षेला रॉकपोर्ट या जोडे बनवणाऱ्या कंपनीचे नाव आहे. मैलभर अंतर होता होईल तितक्या लवकर चालावयाचे आणि संपताक्षणी नाडी मोजावयाची. लागलेला वेळ, नाडी, वय आणि वजन यांवरून शरीराची प्राणवायू वापरण्याची कुवत काढतात. चारशे मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या म्हणजे मैलाला अवघे नऊ मीटर कमी. वेळ तीच असून नाडी पूर्वीपेक्षा कमी भरली, तर सुधारणा झाली असे खुशाल समजावे.

श्रोतेहो, रोज दहा हजार पावले चालावीत असे फोन सांगतो, त्याविषयीही दोन शब्द. हा आकडा प्रयोगशाळेत जन्मला नाही. टोकियोच्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमधील एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकावयास काढले, आणि त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे यंत्र' अशा अर्थाचे ठेवले. तेथून तो आकडा जगभर गेला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या पावलांचा हिशेब घेतला होता. दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा कमी दिसले, आणि साडेसात हजारांच्या पुढे लाभ वाढेनासा झाला. पावलांची संख्या म्हणजे आपण काय खर्च केले त्याचा हिशेब. सहा मिनिटांची चाल म्हणजे गाठीला काय आहे त्याचा. दोन्ही निरनिराळे आहेत. घरातल्या घरात सात हजार पावले टाकणारी गृहिणीही भरभर चालू लागली की तिसऱ्या मिनिटाला थांबते, असे दिसून येते.

निपाणीच्या विड्या वळणाऱ्या बायकांचा विचार येथे मनात येतो. मांडीवर सूप, समोर तंबाखू आणि पानांची चळत, दिवसभर बोटे क्षणाची उसंत घेत नाहीत; त्यांना आळशी म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. तथापि त्यांचे पाय तासन्‌तास मुडपलेले असतात, आणि तंबाखूची धूळ श्वासावाटे आत जात असते ती वेगळीच. कष्ट पुष्कळ आणि हालचाल थोडी, हा योग आपल्याकडे आणखीही अनेक धंद्यांत आहे. शहापूर-वडगावच्या मागांवर आहे, शिवणयंत्रावर आहे, आणि दारापासून दारापर्यंत मोटारसायकलवर जाऊन उरलेला दिवस खुर्चीत काढणाऱ्या कचेरीतल्या बाबूंच्या जीवनात तर कष्टावाचूनच आहे. दिवसअखेर थकवा येतो, म्हणून शरीराला व्यायाम झाला, असा समज होतो. या समजाला सहा मिनिटे पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम मेहनत सांगितली आहे. तिच्यात विड्या वळणे धरलेले नाही.

वर्षातून एकदाच लांब चालणारी माणसेही आपल्याकडे पुष्कळ. आषाढीला पंढरपूरला जाणारे आहेत, अमावास्येला आदमापूरला जाणारे आहेत, आणि आमच्या ख्रिस्ती समाजात ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तासाठी जुन्या गोव्यापर्यंत पायी जाणारे आहेत. श्रद्धा पायांना बळ देते याविषयी मला शंका नाही. पण अकरा महिने ज्याने पायांना काही विचारले नाही, त्याने निघण्यापूर्वी दोन महिने तरी आपली चाल मोजून पाहावी, म्हणजे घाट चढताना सोबत्यांना त्याची पिशवी उचलावी लागणार नाही.

हे सर्व सांगताना एका गोष्टीची जाणीव आहे. परीक्षा फुकट आणि फोन हाताशी असला तरी चालणारे थोडे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने मार्च २०१५ मध्ये हृदयाच्या आरोग्यासंबंधी एक अ‍ॅप काढले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत ४८,९६८ माणसांनी त्यात भाग घेण्यास संमती दिली. त्यात आठवड्याच्या शेवटी सहा मिनिटांची चाल होती. ती पुरी केली ४,९९० जणांनी, म्हणजे दहांतल्या एकाने! प्रश्नावलीचा काही ना काही भाग मात्र चाळीस हजारांवर लोकांनी भरला. स्वतःविषयी लिहावयास माणूस केव्हाही तयार असतो. आणखी एक, अशी अ‍ॅप आपली जागा, आपले वजन, आपला दिनक्रम विचारतात. चाल मोजण्यासाठी जागा सांगावी लागेल. आपल्या ओळखीच्या लोकांचे क्रमांक आणि छायाचित्रे कशासाठी? ती परवानगी नाकारावी, आणि नाकारल्यावर अ‍ॅप चालत नसेल तर ते काढून टाकावे.

आमच्या त्या मैदानावरील प्रयोगात पुढे एक शिक्षिका सामील झाल्या. वय चाळीसच्या आतबाहेर, अंग हडकुळे, आजार म्हणून काही नाही. जिने चढताना दम लागतो तो वयाचा, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या बाई त्यांना फेरीभर मागे टाकून गेल्या, तेव्हा त्या हसल्या. पुढच्या महिन्यात आकडा आणखी खाली आला, तेव्हा हसल्या नाहीत. डॉक्टरांकडे गेल्या, रक्तातील हिमोग्लोबिन फार उतरलेले निघाले. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आहेत, असे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. म्हणजे त्या बाईंचे दुखणे काही जगावेगळे नव्हते. फोनने त्यांचे निदान केले नाही, आणि करूही शकला नसता. परंतु "थकवा येतो" या तीन वर्षे कोणी मनावर न घेतलेल्या वाक्याला त्याने एक आकडा दिला, आणि आकडा घेऊन गेलेल्या बाईचे म्हणणे घरच्यांनीही ऐकले. आपल्याकडे बाईच्या थकव्याला कागदाचा पुरावा लागतो, हे लिहिताना बरे वाटत नाही.

याच्या उलट बाजूही ध्यानात ठेवावी. आकडा उत्तम आला, म्हणून छातीतले दडपण खोटे ठरत नाही. चालताना छातीत दुखले, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगाला गार घाम सुटला किंवा पाय लटपटले, तर तत्क्षणी थांबावे. घड्याळात किती मिनिटे उरली याचा विचार करू नये. महिन्याभरात हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा छातीत कळा येत असतील, तर ही परीक्षा मुळीच देऊ नये. बसल्या जागी नाडी मिनिटाला १२० च्या वर असेल, किंवा रक्तदाब वरचा १८० अथवा खालचा १०० च्या पुढे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. ज्याला यांतले काही नाही त्यानेही पहिल्या दिवशी एकटे जाऊ नये. सोबतीला कोणी घेतले म्हणजे घड्याळ बघण्याची आणि "धावू नका हो!" असे ओरडण्याची सोय होते. पुरुष मंडळींना शेवटच्या मिनिटाला धावल्याशिवाय राहवत नाही, हा आमचा अनुभव आहे.

जून लागला की बेळगावात मैदानाचा भरवसा उरत नाही, आणि ढगांतून फोन काहीही सांगो, चिखलातून कोणी भरभर चालू नये. त्या चार महिन्यांसाठी आम्ही शाळेचा लांब व्हरांडा धरला आहे. टेपने तीस मीटर मोजून दोन टोकांना खडूने खुणा केल्या आहेत. शिपाईमामा हातात फोन घेऊन केवळ वेळ बघतात, आणि फेऱ्यांच्या रेघा फळ्यावर ओढतात. मैदानाचा आकडा आणि व्हरांड्याचा आकडा एकमेकांशी ताडावयाचे नाहीत, कारण वळणांत वेळ जातो; म्हणून वहीत दोन्हींसाठी वेगळी पाने केली आहेत. शाळा सुटल्यावर, मुले गेल्यावर, शनिवारी साडेबारानंतर हा कार्यक्रम असतो. सहा मिनिटे चालणे आणि पाच मिनिटे बाकावर बसून श्वास ताळ्यावर आणणे, एवढाच.